पोराला दहा गुंठे द्या, पण लिहून द्या

पत्र : आमचं साडेतीन एकर रान. वाळवा तालुका, कृष्णेवरच्या उपसा योजनेचं पाणी. तीस वर्षं ऊसच आहे. थोरला मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, वय २६, चाकणला कंपनीत आहे, हातात २४ हजार पडतात. दिवाळीत आला आणि म्हणाला, नोकरी सोडतो, दहा गुंठ्यांत शेडनेट घालून ढबू मिरची करतो, मला शेतीचा बिझनेस करायचाय. मी त्याला शिकवलं ते या चिखलातून सुटावा म्हणून. गावात अजून चार-पाच पोरं असंच बोलायला लागलीत. यांना शेतीत नेमकं दिसतंय काय? त्याची आई म्हणते, शेती करणाऱ्याला पोरगी कोण देणार. परवानगी द्यावी का?
— तात्या, वाळवा तालुका

तात्या,

आधी मुलाचा चाकणचा महिना कागदावर मांडू, कारण त्यानं तो मनात कधीच मांडलेला असणार. तिघांत एक खोली, भाडं आणि वीज मिळून साडेचार हजार. दोन वेळची मेस ३,८००. चहा-नाश्ता दीड हजार. गाडीचा हप्ता आणि पेट्रोल चार हजार. मोबाइल, कपडे, दवापाणी दोन हजार. महिन्यातून एकदा गावाला येणं-जाणं हजार. झाले १६,८००. उरले सात हजार, आणि त्यातले तीन-चार तो तुम्हाला पाठवत असेल. त्यावर कंत्राट संपण्याची टांगती तलवार आणि आठवड्याला बदलणारी पाळी. गावात भाडं नाही, मेस नाही. महिन्याला १२ हजार सुटले तरी त्याचं बरं चालेल, असा त्याचा हिशेब आहे, आणि तो चूक नाही. त्यात फक्त एक भर घालायला सांगा : घरचं जेवणही फुकट नसतं. महिन्याला तीन हजार आईच्या हातात द्यायचे, असं पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

म्हणजे पहिली ओढ पोटाच्या गणिताची. मातीच्या प्रेमापोटी परत येतो म्हणणाऱ्यापेक्षा गणितापोटी येणारा जास्त टिकतो.

दुसरी ओढ तुम्हाला पटकन दिसणार नाही, कारण ती तुमच्या उसाविषयी आहे. तुम्हाला ऊस म्हणजे खात्रीचं पीक, आणि ते खरंही आहे. आडसालीचं (म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या उसाचं) एकरी ५५ टन धरा, टनाला हातात ३,२०० धरा. झाले १ लाख ७६ हजार. मशागत, सरी, बेणं, खतं, भांगलण, पाणीपट्टी, वीज मिळून ७५ ते ८० हजार खर्च. लाखाच्या आत-बाहेर उरतात, पण १६ ते १८ महिन्यांनी. महिन्याला एकरी साडेपाच-सहा हजार. सगळं रान चांगलं पिकलं तर साडेतीन एकरांचे महिन्याला वीस हजार. कष्टाच्या मानानं वाईट नाही.

पण पोरगा त्यात धंदा शोधतो आणि त्याला सापडत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये ठरली, त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा. आणि हा उतारा कारखान्याचा असतो, तुमच्या रानाचा नसतो. तुम्ही पाणी वेळेवर तोडलं, पालाश नीट घातलं, उसात साखर जास्त भरली, तरी शेजारच्या लोळलेल्या उसाला मिळतो तोच दर तुम्हाला. टनेज वाढवणं एवढंच हातात. तोड कधी मिळेल ते हातात नाही, दर हातात नाही, पैसे कायद्यानं १४ दिवसांत यायला हवेत पण कधी येतील तेही हातात नाही. यंत्रावर काम केलेल्या पोराला हे खुपतं. सेटिंग बदललं की माल बदलतो, हे त्यानं रोज पाहिलंय. आपल्या निर्णयाचा आपल्या पैशावर परिणाम व्हावा, एवढंच त्याला हवं आहे. तुमच्या गावातल्या त्या चार-पाच जणांनाही बहुतेक हेच हवं असेल.

तिसरी ओढ मात्र खोटी आहे आणि ती मोबाइलमधून येते. ‘एका एकरात दहा लाख’. अशा व्हिडिओत सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमी विक्रीचा असतो, नफ्याचा नसतो, आणि तेजीच्या वर्षाचा असतो. सातारा, कोरेगाव, कऱ्हाडकडचं आलं बघा. २०२३ मध्ये ५०० किलोच्या गाडीला साठ हजारांच्या घरात दर गेला. दुसऱ्या वर्षी ज्यांनी महागाचं बियाणं घेऊन लागण केली, त्यांच्या काढणीपर्यंत दर कोसळला होता. एकरी आठ-दहा क्विंटल बियाणं, गादीवाफे, ठिबक, शेणखत, कंदकुजीच्या आळवण्या, काढणी-धुणं धरून एकरी साडेतीन लाख खर्च आला आणि २५ गाड्या निघाल्या, तर १४ हजारांच्या गाडीला फक्त मुद्दल परत येतं. व्हिडिओ साठ हजारांच्या वर्षी निघतो, आणि बघणारा लागण करतो पुढच्या वर्षी.

व्हिडिओत रोपं, पिल्लं किंवा यंत्र विकणाऱ्याचा नंबर असेल, तर तो माल कुणाचा धंदा आहे ते ओळखायचं. कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेची आठवण तुमच्या तालुक्याला वेगळी करून द्यायला नको. पिल्लं महाग दरानं द्यायची, अंडी आणि पक्षी परत घेण्याचा करार करायचा, आणि ते पैसे नव्या गुंतवणूकदाराकडून आणायचे. नवे लोक थांबले, २०१९ मध्ये खरेदी थांबली, शेडं रिकामी राहिली. ‘आम्हीच माल परत घेतो’ असं कुणी म्हणालं की एकच विचारायचं : तुम्ही तो पुढे कुणाला विकता, त्याचं बिल दाखवा.

आता त्याची ढबू मिरची. पहिल्याच वर्षी शेडनेट नको, हे आमचं स्पष्ट मत. मिरची वाईट म्हणून नव्हे. दहा गुंठ्यांचा पाइपचा सांगाडा, जाळी, ठिबक, गादीवाफे, दोरी-तारा धरून पाच-सहा लाख घालावे लागतात. त्यात अडीच-तीन हजार रोपं बसतात. तोडे सुरू झाले की आठवड्याला तीन-चारशे किलो माल निघतो; पेठ नाक्यावरून पुण्याला किंवा कोल्हापूरला गाडी जाते, पण तेवढ्या मालाला स्वतंत्र गाडी परवडत नाही, दुसऱ्याच्या भरतीत जावं लागतं आणि तोड्याचा दिवस तो ठरवतो. फुलकिडे आणि कोळी वेळेत दिसले नाहीत तर शेंडे आकसतात आणि दीड महिन्याची वाढ जाते. त्याच जागेत तीन-चार पिकं झाली की सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा बारीक किडा, येतो. मुळांना गाठी दिसेपर्यंत झाड बसलेलं असतं. आणि एप्रिल-मेमधल्या वळवाचा वारा. सांगाड्याचं फाउंडेशन उथळ असलं, किंवा जाळीच्या बाजू वेळेत सोडल्या नाहीत, तर पाइप पिळवटून निघतात. हे सगळं शिकता येतं, पण सहा लाख घालून शिकू नये.

अनुदानाच्या भरवशावर तर मुळीच नाही. शेडनेटला ५० टक्के अनुदान म्हणतात ते मंजूर मापदंडाच्या खर्चावर असतं, तुमच्या बिलावर नसतं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, पूर्वसंमती, मग उभारणी, मग मोका तपासणी, मग पैसे. पूर्वसंमतीआधी एक खांब रोवला तरी प्रकरण बाद होतं. सातबारा तुमच्या नावे आहे, म्हणजे अर्जही तुमच्या नावे आणि शेतकरी ओळख क्रमांकही तुमचा. सगळे पैसे आधी घालून वर्षभर थांबता येत असेल तरच त्या वाटेनं जायचं.

मग सुरुवात कशानं? तुमच्या गावात, तुमच्या पाण्यावर, या मुलाच्या अंगच्या गुणांना जुळणारी गोष्ट म्हणजे ऊस रोपवाटिका. कारणं साधी आहेत. गिऱ्हाईक पाच-दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही त्याला नावानं ओळखता. महिना-सव्वा महिन्यात माल तयार होतो, म्हणजे चुका लवकर कळतात. आणि बिघडलं तर हजारांत बिघडतं, लाखांत नाही.

नोकरी न सोडता पहिली बॅच करायची, १० हजार रोपांची. रोज पाणी तुम्ही घालायचं. बेणं ठरवणं, माल मागवणं, गिऱ्हाइकांना फोन हे त्यानं चाकणहून करायचं, आणि भरणीला चार दिवस रजा काढून यायचं. यातून रोपांची परीक्षा होईलच. तुमचं दोघांचं एका कामावर किती जमतं, याचीही होईल.

हिशेब असा. १० हजार चांगली रोपं हवीत तर १२ हजार डोळे (उसाच्या पेरावरचे, कोंब फुटणारे) लावावे लागतात, कारण ८० ते ८५ टक्के उगवण मिळाली तरी बरी म्हणायची. एका टनात निवडलेले डोळे साधारण १२ हजार निघतात, म्हणजे एक टन बेणं; तोडणी-वाहतुकीसह ४,८०० धरा. ४२ कप्प्यांचे ट्रे २८६ लागतील, १५ रुपयांनी ४,३००. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) पाच किलोच्या एका ब्लॉकमध्ये २५ ते ३० ट्रे भरतात. ११ ब्लॉक, सुमारे १,४५०. बांबू आणि ५० टक्क्यांची जाळी मिळून चार हजार. डोळे काढायला आणि भरणीला बायकांचे सहा रोज, २,१००. औषधं-खतं ७००. एकूण १७-१८ हजार. ट्रे आणि जाळी पुढच्या खेपांना राहतात, त्यामुळे सगळी बॅच वाया गेली तरी खरं नुकसान नऊ-दहा हजारांचं. जागा अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. गोठ्याच्या मागे बसते. भाव तुमच्या गावचे घालून बघा, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील.

बेण्यात चूक झाली तर पुढचं सगळं नीट करूनही उपयोग नाही. बेणं नऊ ते अकरा महिन्यांचं, लागणीच्या उसाचं घ्या. खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्याचं नको, आणि कारखान्याला घालायच्या जून उसातलं तर नकोच, त्याचे डोळे कठीण झालेले असतात. गवताळ वाढ आणि काणी हे दोन्ही रोग बेण्यातून येतात, म्हणून प्लॉट तोडायच्या आधी एकदा उभा-आडवा फिरून बघायचा. गवतासारखं पांढरट फुटव्यांचं बेट किंवा काळा चाबकासारखा शेंडा दिसला की तो प्लॉट सोडायचा. जातीची भेसळ तर धंदाच बसवते. को ८६०३२ जात म्हणून दिलेल्या रोपांत फुले २६५ ही दुसरीच जात निघाली, की शेतकऱ्याला चार महिन्यांनी कळतं आणि ते गावभर होतं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं किंवा तुमच्या कारखान्याच्या बेणेमळ्यातलं बेणं मिळालं तर पावती जपून ठेवा, गिऱ्हाइकाला ती दाखवता येते.

एक डोळ्याची टिपरी (उसाचा तुकडा) कप्प्यात बसेल एवढीच हवी, डोळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर कांडं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला एक ग्रॅम, त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवायची. कोकोपीटमध्ये क्षार असतात. ब्लॉक फुगवल्यावर एकदा पाण्यानं धुऊन ते पाणी काढून टाका. क्षारता एकाच्या खाली आहे का, हे पुरवठादाराला विचारा. धुतलेलं कोकोपीट मुठीत दाबलं की बोटांतून थेंब-दोन थेंब यावेत. धार लागली तर ओलं जास्त, डोळा कुजतो. कप्पा अर्धा भरायचा, डोळा वर करून टिपरी ठेवायची, वर कोकोपीट. घाईत अर्ध्या टिपऱ्यांचे डोळे खाली जातात. तो कोंब वळून वर येतो खरा, पण आठ दिवस मागे पडतो, आणि पुढे एका ट्रेमध्ये उंच-खुजी रोपं मिसळून माल विकायला अडचण होते.

भरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदात गुंडाळायचे. उन्हाळ्यात चार दिवस पुरतात, थंडीत आठ-दहा. रोज उघडून बघायचं. पांढरा कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे पसरायचे. इथं एक दिवस उशीर झाला तरी कोंब पिवळे, लांबट होऊन वाकतात आणि सरळ होत नाहीत. मग सकाळी झारीनं पाणी, उन्हं कडक असली तर दुपारनंतर पुन्हा. कडेचे ट्रे आधी सुकतात आणि मधल्यांना पाणी जास्त होतं. म्हणून सगळ्यांना सारखं पाणी घालणं हीच चूक. पंधराव्या दिवशी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन-तीन ग्रॅम. ट्रे विसाव्या दिवशी वर-खाली करून उंच एका बाजूला, खुजी एका बाजूला लावायची. चार-पाच पानं झाली, ट्रे उलटा केल्यावर कोकोपीट न सांडता रोप सबंध निघालं, की माल तयार. द्यायच्या आधी पानांचे शेंडे एक तृतीयांश कापायचे आणि आदल्या दिवशी पाणी तोडायचं.

तयार रोप खपलं नाही तर काय, हा या धंद्यातला खरा खड्डा. आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. त्या महिन्यात पाऊस लागून राहिला की रानाला वाफसा येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, चार दिवस थांबा. चाराचे पंधरा होतात. ४५-५० दिवसांच्या पुढं रोपाची मुळं कप्प्यात गुंडाळतात, रानात गेल्यावर ते रोप बसून राहतं, आणि दोष मात्र रोपवाटिकेला. म्हणून बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ, ठरल्या तारखेपासून सात दिवसांत उचल, ट्रे परत येईपर्यंत ट्रेची अनामत, हे पावतीवर छापून घ्यायचं. पाहुण्यांना उधार देण्यात गावातल्या किती रोपवाटिका बुडाल्या, हे तुम्हालाच आमच्यापेक्षा ठाऊक असेल.

पहिल्या दहा हजारांचं गिऱ्हाईक मात्र नव्या लागणीचं शोधू नका. नांग्या, म्हणजे उसातल्या रिकाम्या राहिलेल्या जागा, भरणारं शोधा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊस तुटून गेलेल्या प्रत्येक खोडव्यात तुटाळ असते. एकेका शेतकऱ्याला दोनशे, पाचशे, फार तर हजार रोपं लागतात. एवढ्याला मोठे रोपवाटिकावाले लक्ष देत नाहीत. हे गिऱ्हाईक रोखीनं घेतं, स्वतः उचलून नेतं, रोप थोडं वयात गेलेलं असलं तरी तक्रार करत नाही, आणि दहा-वीस पैसे जास्तही देतं. वीस-पंचवीस शेतकऱ्यांत माल संपतो. तीच पंचवीस नावं जूनमध्ये आडसालीच्या बुकिंगला उपयोगी पडतात : पाच बाय दोन फुटांवर एकरी ४,३५६ रोपं, म्हणजे दोन एकरवाला एकच शेतकरी जवळजवळ नऊ हजार रोपं नेतो.

ही बॅच जमली तर आडसालीला ५० हजारांची करा. तीन गुंठे जागा लागेल, आणि तेव्हा तो नोकरी सोडू शकेल. एवढ्या रोपांना रजेवरचा माणूस पुरत नाही. त्या आकाराला रोपाचा खर्च सव्वा रुपयाच्या आसपास येतो, विक्री दोन-सव्वादोन रुपये. दहा टक्के रोपं न खपलेली धरली आणि दर २ रुपये २० पैसे मिळाला, तर बॅचला साडेछत्तीस हजार राहतात. वर्षात आडसालीच्या दोन, पूर्वहंगामाच्या (पावसाळ्यानंतरच्या लागणीच्या) दोन, सुरू उसाची (थंडी संपताना होणाऱ्या लागणीची) एक आणि नांग्यांची एक, अशा सहा बॅच खपल्या तर दोन लाख एकोणीस हजार. महिन्याला १८ हजार. यात त्याची मजुरी आलेली आहे, वेगळी नाही. हा आकडा त्याला आवडणार नाही, कारण व्हिडिओत दहा लाख आहेत. तो त्याला दाखवाच, आणि चेहरा बघा. १८ हजारांतून २५ कसे करता येतील, असं त्यानं विचारलं तर मुलगा धंद्याचा आहे. उन्हाळ्यात त्याच जाळीखाली कलिंगड, टोमॅटो, मिरचीची रोपं होतात. कलिंगडाचं रोप तर १२-१५ दिवसांत जातं. ढबूची वेळ तिसऱ्या वर्षी, तेव्हा रोप तरी स्वतःचं असेल.

आता तुमच्या बाजूचं. गावातली पोरं परत जातात ती बहुतेक पीक गेल्यामुळे नाही, बापाशी पटलं नाही म्हणून. जमीन बापाची, पाणी बापाचं, पैसे बापाच्या खात्यावर, आणि पोरानं ‘बिझनेस’ करायचा. असं होत नाही. दहा गुंठे त्याला द्या आणि त्यावर त्याचाच निर्णय. सातबारा तुमच्याच नावे राहू द्या. साध्या कागदावर तीन वर्षांचा करार करा, वर्षाला ठरवाल तो खंड त्यानं द्यायचा, अगदी तीन हजार असला तरी. पाण्याची पाळी कोणती त्याची, तेही लिहा. मोटर एक असते आणि भांडण तिथंच होतं. त्याचं खातं वेगळं. सोसायटीच्या पीककर्जाला हात नाही : तीन लाखांपर्यंतचं ते कर्ज मुदतीत भरलं तर बिनव्याजी पडतं, ते रोपवाटिकेत अडकलं आणि तारीख चुकली तर सवलत जाते. धाकट्याच्या फीला रोपांच्या गल्ल्यातून पाच हजार उचलायचे नाहीत. हवे असतील तर उसने घ्या आणि वहीत लिहा. वहीत तारीख, काय, किती, कुणाला, रोख की उधार, एवढं पुरे. स्वतःची मजुरी महिन्याला १२ हजार त्यानं खर्चात दाखवलीच पाहिजे. तुम्ही उसात स्वतःची मजुरी कधी धरली नाही, म्हणून ऊस जेवढा दिसतो तेवढा फायद्याचा नाही. वेळ मिळाला तर तोही हिशेब एकदा करा.

साडेतीन एकरातला बाकीचा ऊस जसा आहे तसा राहू द्या. घर त्यावर चालतं.

त्याच्या आईची काळजी खोटी नाही. सांगली-साताऱ्यात शेतकरी मुलाला स्थळ मिळणं अवघड झालंय, त्याला आमच्याकडे औषध नाही. पण बघायला येणारे ‘शेती करतो’ ऐकून उठतात ते बहुतेक वेळा महिन्याला किती, याचं उत्तर मिळत नाही म्हणून. बँकेचं स्टेटमेंट दाखवता आलं की बोलणं पुढं सरकतं. रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्न आयकर कायद्यात शेतीउत्पन्नच धरतात, त्यामुळे कर बसत नाही, तरी रिटर्न दरवर्षी भरायला सांगा. स्थळाला आणि पुढं कर्जाला, दोन्हीकडे तो कागद चालतो. आणि दोन वर्षं लग्न लांबेल, असं धरूनच त्यानं यावं.

परवानगी कधी देऊ नये, तेही सांगतो. त्याच्या अंगावर ॲपवरचं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा शेअरबाजाराच्या ऑप्शनमधलं नुकसान असेल, तर आधी ते नोकरीवर राहून फेडायचं. कंपनीत काही बिनसलं असेल तर ते चिडून न विचारता, एखाद्या संध्याकाळी रानात जाताना विचारा. साहेबावर रागावून सोडलेली नोकरी सहा महिन्यांनी आठवते, आणि तेव्हा शेडमध्ये रोपं तहानलेली असतात. हाताशी निदान सहा महिन्यांचा स्वतःचा खर्च, म्हणजे साठ-सत्तर हजार, नसेल तर थांबायला सांगा. आणि विचारा की गावच्या जत्रेदिवशी रोपांना पाणी कोण घालणार. ‘गडी ठेवू’ असं उत्तर आलं तर अजून वेळ आहे.

शिकायला मिरज तालुक्यात कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, कऱ्हाडजवळ कालवडेचं आहे. रोपवाटिकेचं प्रशिक्षण कधी आहे ते फोन करून विचारा, शनिवार-रविवार धरून त्याला येता येईल. जोडीला चालू रोपवाटिकेत तीन-चार रविवार हातानं ट्रे भरू द्या. पैसे मागू नका, शिकू द्या.

जानेवारी अर्धा गेला. २० तारखेच्या आसपास ट्रे भरले तर या थंडीत रोपं तयार व्हायला सव्वा महिन्याऐवजी दीड महिना लागेल, म्हणजे मार्चचा पहिला आठवडा. खोडव्याच्या नांग्यांना बरोबर वेळ. पण बेणं आजच बघून ठेवावं लागेल, कारण नऊ-दहा महिन्यांचा निरोगी प्लॉट या दिवसांत मागायला जाल तेव्हा मिळेलच असं नाही. या रविवारी दोघांनी मिळून दोन-तीन प्लॉट फिरा. ट्रे ४२ कप्प्यांचेच मागवा. ७० कप्प्यांचे स्वस्त पडतात म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, त्यात उसाची टिपरी नीट बसत नाही.